लग्न लावून दिलं की सुटेल, असं सगळे म्हणतात

सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा 26 वर्षांचा. हिंजवडीत रात्रपाळीची नोकरी करताना तीन वर्षांपूर्वी त्याला एमडी या नशेच्या पावडरीची सवय लागली. नोकरी गेली, देवघरातली चांदीची निरांजनं गेली, मग आईच्या पाटल्या गहाण पडल्या. गेल्या वर्षी तो महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. चार महिने बरे गेले आणि गणपती विसर्जनाच्या रात्री त्याने पुन्हा घेतली. तेव्हापासून वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. आता नात्यातून एक स्थळ आलंय. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. मोठ्या जाऊबाई म्हणतात, जबाबदारी अंगावर पडली की आपोआप सुटेल. दीर म्हणतात, त्याला गावी पाठवून द्या. वडील म्हणतात, घरातली गोष्ट घरात राहू दे. पाहुणे येत्या रविवारी यायचे आहेत. आई विचारते, "सांगितलं तर माझ्या मुलाचं लग्न कधीच होणार नाही. न सांगावं तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना निरांजनांपाशी थांबले, कारण चोरी झाल्यावर तुम्ही ओरडला नाहीत, दुसऱ्या दिवशी गुपचूप पितळेची नवी जोडी आणून ठेवलीत आणि यजमानांना सांगितलंत की चांदीची उजळायला दिलीत. दुसऱ्यांदा वाचताना वेगळीच गोष्ट खटकली. जाऊबाई काय म्हणतात ते पत्रात आहे, दीर काय म्हणतात ते आहे, यजमानांचं म्हणणं तर तीन वेळा आहे. ज्याचं लग्न ठरतंय त्याचं मात्र एक वाक्यही नाही. त्याला कुणी विचारलंय का? की विचारलं आणि तो खांदे उडवून आत निघून गेला? रविवारच्या आधी हे एवढं तरी करा. वाद घालायला नाही, नुसतं विचारायला म्हणून त्याच्याजवळ बसा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी ते आडवळणाने देणार नाही, कारण रविवार जवळ आलाय. त्या मुलीपासून हे लपवू नका. आणि सांगून टाकलं म्हणून आत्ता लग्नही ठरवू नका. दोन्ही का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला वर्षभर येतात आणि बहुतेकांत कुठे ना कुठे हे वाक्य असतंच, की लग्न लावून दिलं म्हणजे सुटेल.

माझ्या मावशीचं लग्न असंच झालं होतं. काका तेव्हा दारू प्यायचे आणि ते त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मावशी सांगते, लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाईंनी तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. तिला वाटलं, घर हाती दिलं. मग सासूबाईंनी एकेक किल्ली दाखवली. ही कोठीची, ही कपाटाची, आणि हे ट्रंकेचं कुलूप त्याला केसातल्या आकड्याने उघडता येतं, त्यात पैसे ठेवू नकोस. त्या क्षणी तिला कळलं की तिला या घरात कशासाठी आणलंय. काकांची दारू पुढे सुटली. पण लग्नानं नाही आणि दोन मुलं झाल्यानंही नाही. अकरा वर्षांनी ते स्वतः उपचारांना तयार झाले, दाखल झाले, नंतर कित्येक वर्षं दर आठवड्याला आपल्यासारख्यांच्या बैठकीला जात राहिले, तेव्हा सुटली. मावशी आजही त्यांचा शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगून बघते. काका आता आजोबा झालेत, शर्टाला विड्याच्या पानाचा वास येतो, तरी ती हुंगतेच. ती अकरा वर्षं तिला कुणी परत देऊ शकलं नाही.

जाऊबाईंचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या बोलण्यात एक गृहीत धरलेलं आहे, की तुमचा मुलगा बेजबाबदार आहे म्हणून घेतो, तेव्हा जबाबदारी दिली की घेणार नाही. ताई, तो बेजबाबदार होता का हो? तुम्हीच लिहिलंय की पहिल्या पगारातून त्याने बाबांच्या गुडघ्यांच्या तपासणीचे पैसे भरले होते.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. ही पावडर मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन या मूड चढवणाऱ्या रसायनांचा लोंढा सोडते. झोप, भूक, शीण सगळं पळतं. रात्रपाळीच्या पोराला सुरुवातीला ते औषधासारखंच वाटत असणार. पण तो भर दोन-तीन तासांत ओसरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतली जाते. नंतरचे दिवस माणूस गळून पडलेला, चिडलेला, कशातच राम न वाटणारा. हळूहळू मेंदूला साध्या गोष्टींचा आनंद पुरेनासा होतो. आईच्या हातचा वरणभात, मॅच, मित्राचा फोन, काहीच पोचत नाही. त्यात मोह झाला तरी 'थांब' म्हणायचं काम कपाळामागच्या ज्या भागाचं, तो पंचविशीपर्यंत पुरता घडलेला नसतो, आणि तुमच्या मुलाने सुरुवात केली तेविसाव्या वर्षी. त्याने तुमच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोडली, याचं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय. मला वाटतं शपथ घेताना तो खोटं बोलत नव्हता. पण ती शपथ निभवायला मेंदूचा जो भाग लागतो, त्यालाच या पावडरीने पोखरलंय.

अशा माणसावर लग्नाचा खर्च, नवं माणूस, सासरचे मानपान, नोकरी शोधण्याची घाई आणि वर एक मोठं गुपित लादलं, तर व्यसनाला लागतं तेवढं सगळं इंधन त्यात आहे. त्यातही गुपित सर्वात वाईट. तो रोज त्या मुलीसमोर अवघडून वावरेल, आणि अवघडलेपण घालवायचा त्याला एकच रस्ता ठाऊक आहे.

कायद्याचंही सांगून ठेवते. धमकी म्हणून नव्हे, यजमानांना समजावताना उपयोगी पडेल म्हणून. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार, जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली आणि संमती मिळवली असेल, तर ते लग्न रद्द ठरवून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून वर्षभराच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे आज जी अब्रू झाकायची म्हणून यजमान गप्प आहेत, तीच उद्या कोर्टात उघडी पडेल. पण खरं सांगू? कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. तुम्हाला मुलगी असती आणि समोरच्यांनी हे लपवलं असतं तर, एवढंच मनात आणून बघा. पत्राच्या शेवटी 'डोळ्याला डोळा लागत नाही' लिहिलंत, तेव्हा तुम्ही ते मनात आणलेलंच आहे.

आता विसर्जनाच्या रात्रीबद्दल. 'सगळं पाण्यात गेलं' असं तुम्ही लिहिलंय. नाही गेलं. व्यसनमुक्तीच्या उपचारांनंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण साधारण 40 ते 60 टक्के सांगितलं जातं, आणि रक्तदाब किंवा दमा असलेल्यांचे उपचार विस्कटण्याचं प्रमाणही जवळपास तसंच असतं. यजमानांचा रक्तदाब दिवाळीत वाढला तेव्हा तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलं नाहीत, डॉक्टरांकडे नेलंत. त्या रात्री काय घडलं ते मुलाला शांतपणे विचारायला हवं होतं. आपल्याकडचं विसर्जन म्हणजे रात्र उलटून दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारा प्रकार. जागरण, ढोल, अंगात आलेला जोर, आणि चार महिन्यांनी भेटलेले तेच जुने दोस्त. केंद्रातून आलेल्या पोराला त्या गर्दीत एकट्याने सोडायला नको होतं. हे तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही, तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी त्या दोन दिवसांचं आधीच ठरवून ठेवा. आणि केंद्रातून आल्यावर पाठपुराव्याला तो किती वेळा गेला? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून विचारते. केंद्रातला महिना ही फक्त सुरुवात असते. खरं काम घरी आल्यावर सुरू होतं आणि वर्ष-दोन वर्षं चालतं.

दिरांच्या सल्ल्यात मात्र थोडं तथ्य आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तिथे हेरॉइनच्या आहारी गेला होता. 1971 मध्ये परत आलेल्यांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी माग घेतला, तेव्हा दिसलं की त्या व्यसनी सैनिकांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते जेमतेम 5 टक्के. जागा बदलली, संगत बदलली, की फरक पडतो तो असा. पण ते सैनिक युद्धातून आपल्या माणसांत आणि आपल्या कामात परत आले होते. तुमचा मुलगा गावी जाऊन काय करणार? चुलत्यांच्या ओसरीवर मोबाइल घेऊन बसणार, आणि येणारा-जाणारा विचारणार, काय रे, नोकरी सोडलीस? तिथे त्याला हाताला काम असेल, कुणी जीव लावणारं असेल आणि महिन्यातून दोनदा पुण्याला उपचारांना यायची सोय असेल तर जरूर पाठवा. नजरेआड करायचं म्हणून पाठवू नका.

'आमच्याच घरात हे कसं आलं' असंही तुम्ही विचारता. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडली. एवढा माल निघतो तो कुणाच्या तरी घरात पोचण्यासाठीच. आणि ही गोष्ट पुण्याला नवीही नाही. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, तिला तेव्हा गर्द म्हणत, अशीच चांगल्या घरांत शिरली होती. त्यातूनच डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, 29 ऑगस्ट 1986 ला येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. व्यसन एकाला लागतं आणि आजारी सगळं घर पडतं, हे त्या माणसांना फार लवकर कळलं होतं.

उपचारांचं आता नेमकं. गर्दसारख्या अफूजन्य व्यसनांत ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं चांगली उपयोगी पडतात. एमडीसाठी तसं हमखास औषध अजून नाही. समुपदेशन, विचारांची आणि सवयींची घडी बदलणारी थेरपी, आणि तपासणी स्वच्छ आली की लहानसं बक्षीस देण्याची पद्धत, यांचा गुण येतो. सोबत मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला बघायलाच हवं, कारण अनेकदा खाली नैराश्य दडलेलं असतं आणि ते उपचारांनी बरं होतं. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येईल, मुक्तांगणमध्ये विचारता येईल. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. नार्कोटिक्स ॲनॉनिमस या, व्यसन सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटाच्या बैठका पुण्यात होतात, त्यांना पैसे लागत नाहीत.

शेजारच्यांनी सुचवलेल्या, रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेणाऱ्या त्या केंद्राच्या वाटेला मात्र जाऊ नका. केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांशी फोनवर बोलू देतात का, हे विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणं पूर्ण बंद केलंय. मारहाण करून कुणाचं व्यसन सुटत नाही. घरावरचा विश्वास तेवढा तुटतो, आणि पुढच्या वेळी तो मदत मागायला तुमच्याकडे येत नाही.

पोलिसांच्या भीतीने तुम्ही सरकारी दवाखाना टाळताय, असं वाटलं. अमली पदार्थविरोधी कायदा 1985 चा. त्यातल्या कलम 64-अ प्रमाणे, फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. अट एवढीच की उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. एमडीचं अल्प प्रमाण 2 ग्रॅमपर्यंत. धोका वेगळीकडेच आहे. उधारी फेडायला ही मुलं दुसऱ्यासाठी पुड्या पोचवू लागतात, आणि मग कायदा त्यांना रुग्ण म्हणून बघत नाही. उधारी मागायला मोटारसायकलवरून आलेल्या त्या मुलाला तुम्ही 40 हजार दिलेत. आईचा जीव, मला कळतं. पण पुढच्या वेळी देऊ नका. धमकी आलीच तर वकिलांचा सल्ला घ्या आणि पोलिसांत जा. मुलाला रोख पैसे देऊ नका. दवाखान्याचे तिथेच भरा, बसचा पास काढून द्या, जेवण, कपडे, औषध कशाला नाही म्हणू नका. आणि चांदीची निरांजनं कुठे गेली ते यजमानांना एकदा खरं सांगून टाका. झाकायचं ओझं तुम्ही एकट्याने फार दिवस वाहिलंत.

एका बाबतीत मात्र थांबू नका. पावडर घेतल्यावर छातीत दुखणं, अंग भट्टीसारखं तापणं, झटके, नसलेली माणसं दिसणं, यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उतरल्यानंतरच्या दिवसांत तो 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास', 'मी नसलेलाच बरा' असं बोलू लागला, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं ठेवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे, तो चोवीस तास चालतो. आणि जे कुणी दारू पिणाऱ्या घरच्यांसाठी हे वाचत असतील त्यांच्यासाठी, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. झटके येऊन जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

यजमानांचा राग मला समजतो. ज्या मुलाने गुडघ्यांच्या तपासणीचे पैसे भरले त्यानेच घर धुऊन नेलं. पण अबोल्याने मुलगा सुधारत नाही. बाप मुका झाला की घरात फक्त आई आणि पावडर उरते. त्यांना मोठं भाषण करायला सांगू नका. सकाळी चहाच्या वेळी 'ये, बस' एवढं म्हणाले तरी पुष्कळ आहे.

मुलाचं लग्न कधीच होणार नाही, असं तुम्ही लिहिता. व्यसनातून उठलेली कितीतरी मुलं संसार करताना मी पाहिली आहेत. आधी निदान वर्षभर त्याला कोरडं राहू दे, नियमित काम करू दे. मग कोणती मुलगी आवडली तर तो स्वतः तिच्यासमोर बसून सगळं सांगेल. केंद्र, पाटल्या, विसर्जनाची रात्र, सगळं. सांगायला तयार होणं हीच त्याची तयारी समजा. ऐकून ती 'हो' म्हणाली तर डोळे उघडे ठेवून म्हणेल, 'नाही' म्हणाली तर तो तिचा हक्क.

राहिला रविवार. मध्यस्थांना उद्याच फोन करा, शनिवारची वाट बघू नका. त्या लोकांनी मिठाई घेऊन निघण्याआधी त्यांना कळायला हवं. मुलाला आधी विचारा की मी किती सांगू. त्याने मोकळेपणाने सांगायला परवानगी दिली तर सगळं सांगा. नाही दिली तर एवढंच म्हणा, "मुलाच्या तब्येतीचे उपचार चालू आहेत, डॉक्टरांनी वर्षभर लग्नाचा विचार करू नका म्हटलंय, म्हणून आम्ही हे स्थळ पुढे नेत नाही. त्यांच्या मुलीत काही कमी नाही, हे त्यांना आवर्जून सांगा." डॉक्टरांना त्याआधी खरंच भेटून या. मला खात्री आहे, ते हेच सांगतील. म्हणजे कुणाशी खोटंही बोलायला नको, आणि मुलाची गोष्ट त्याच्या मर्जीविना चार घरी जायला नको. जाऊबाई रागावतील, रागावू देत.

आणि ताई, बायका मुलाबद्दल विचारतात म्हणून तुम्ही गुरुवारचं भजनी मंडळ सोडलंत, ते पुन्हा सुरू करा. विचारलं तर म्हणा, आजारी आहे, उपचार चालू आहेत. उशाखालच्या किल्ल्या त्या दोन तासांपुरत्या यजमानांकडे द्या आणि जा.